भूत दाखवायचं की नाही

लग्नाला तीन आठवडे झाले असतील. सासूबाई दुपारी ड्यूटीवरून आल्या, पर्स खुंटीला लावली, हातपाय धुतले आणि पानावर बसता बसता मला म्हणाल्या, "तुला भुताचे पिक्चर चालतात का गं?"

मला वाटलं, ही परीक्षा आहे. "चालतात" म्हणावं तर सून उनाड ठरणार, "नाही" म्हणावं तर ते खोटं. मला ते नुसते चालत नव्हते, मी त्यांच्यासाठी जीव टाकायचे. कल्याणला आमच्या चाळीत व्हीसीआर भाड्याने आणून रविवारी पिक्चर लावायचे. भूत यायच्या वेळी बाकीच्या मुली एकमेकींच्या पाठीमागे लपायच्या आणि मी सरकत सरकत टीव्हीच्या इतकी जवळ जायचे, की मागून सगळे ओरडायचे, "ए, डोकं खाली घे!"

मी आमटी वाढता वाढता खाली बघून म्हणाले, "हो, चालतात की."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा त्यातला नाही. मागे एकदा नेला होता, तर मध्यंतरात वडापाव आणतो म्हणाला आणि थेट घरी निघून आला. शुक्रवारी नवीन लागतोय. तीनचा खेळ. तुझी शाळा साडेबाराला सुटते ना? जाऊ."

तेव्हा आम्ही डोंबिवलीत राहायचो. दोन खोल्या, मागे छोटी गॅलरी. मी एका शाळेच्या ऑफिसात सकाळच्या सत्रात क्लार्क होते. सासूबाई टेलिफोन ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन लावून दिवसभर लोकांचे कॉल जोडून द्यायचं काम. सासरे माझ्या लग्नाच्या खूप आधी गेलेले, माझा नवरा सात वर्षांचा असताना. पुढचं सगळं या बाईने एकटीने केलेलं. माहेर सावंतवाडीजवळचं, पण बोलणं अगदी स्वच्छ, पुस्तकातल्यासारखं. ऑपरेटरच्या नोकरीने तसं झालं असावं. फक्त गावाकडचं कोणी आलं की पाच मिनिटांत भाषा बदलायची आणि मला निम्मं कळायचं नाही.

त्या शुक्रवारी आम्ही गेलो. सासूबाईंच्या पिशवीत उकडलेल्या शेंगा, पाण्याची बाटली आणि एक शाल होती. शाल थंडीसाठी असेल असं मला वाटलेलं. ती डोक्यावरून ओढून घ्यायला होती. त्या रांगेच्या अगदी कडेच्या खुर्चीवर बसल्या. का, विचारल्यावर म्हणाल्या, "पळायला बरं." पण पळाल्या नाहीत. एकदाही नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढच्या वीस-बावीस वर्षांतही नाही. फक्त माझं मनगट धरायच्या. घरी येऊन पाहिलं तर नखांच्या चार चंद्रकोरी उमटलेल्या.

त्या पहिल्या पिक्चरची गोष्ट सांगण्यासारखी नाही. एक विहीर होती आणि विहिरीत कोणीतरी होतं. परत येताना आम्ही स्टेशनच्या पुलावर होतो तेव्हा मी धीर करून माझं मत सांगितलं.

"शेवटी दाखवायला नको होतं आई. नुसता पाण्याचा आवाज होता तोवर मला जास्त भीती वाटत होती."

त्या पुलाच्या मधोमध थांबल्या. मागची माणसं वळसा घालून जायला लागली.

"म्हणजे? दोन तास 'येतोय, येतोय' म्हणायचं आणि यायचंच नाही? पाहुणा येणार म्हणून पुरण घाटायचं आणि तो आलाच नाही, असं झालं हे."

"पण आला तो रबराचा होता ना."

"असू दे रबराचा. आला ना?"

आमचं भांडण इथून सुरू झालं. ते शेवटपर्यंत मिटलं नाही, आणि मिटावं असं दोघींनाही कधी वाटलं नाही. लोक म्हणायचे, तुमच्या घरात सासू-सुनेचं छान जमतं. खरी गोष्ट अशी, की आम्हाला स्वयंपाकावरून, पैपाहुण्यांवरून भांडायला सवडच नव्हती. आमची सगळी ताकद भुतांवर खर्च व्हायची.

माझी मतं तेव्हाही पक्की होती, आजही आहेत. एकदम मोठा आवाज करून दचकवणं ही चोरी आहे. पाठीमागून येऊन कोणीही "भॉ" करू शकतं, त्याला दिग्दर्शक कशाला हवा? कुत्रा मारला, की मी तो पिक्चर मनातून उतरवते. शेवटच्या अर्ध्या तासात कपाळाला भस्म लावलेला मांत्रिक आला, की समजावं, लिहिणाऱ्याला पुढचं सुचलेलं नाही. भुताची पूर्ण कहाणी सांगू नये. अमक्याने तमक्याला मारलं, म्हणून ती भटकते आहे, हे कळलं की भीती जाते आणि उरते ती पोलीस केस.

सासूबाईंना यातलं एकही मान्य नव्हतं. मांत्रिक त्यांना आवडायचा. "कोणीतरी कामाचा माणूस आला," म्हणायच्या. भुताच्या पिक्चरमधली गाणी मला सहन होत नाहीत. त्या म्हणायच्या, गाणं पाणी प्यायला असतं. आणि भुताला कारण हवंच. "आमच्याकडे गावात देवचार आहे. हातात काठी, खांद्यावर घोंगडी. त्याचं काम काय, तर रानात वाट चुकलेल्याला घरी आणून सोडायचं. लोक त्याला रोट ठेवतात, विडी ठेवतात. बिनकामाचं भूत कधी ऐकलंस? तुमच्या पिक्चरातली भुतं उगीच दारं वाजवत बसतात. काही काम ना धाम."

माझी मुलगी झाल्यावर वर्ष-दीड वर्ष थिएटर बंद होतं. तेव्हा सासूबाई येताना सीडी भाड्याने घेऊन यायच्या, पर्समध्ये, रुमालात गुंडाळून, म्हणजे शेजारी दिसायला नको. बाळ झोपलं, की आम्ही आवाज अगदी बारीक करून बघायचो. एवढ्या बारीक आवाजात भुताचा पिक्चर फार वेगळा लागतो. मला तर ते दिवस सगळ्यात जास्त आठवतात. दुपारचं ऊन गॅलरीतून फरशीवर आलेलं, दोरीवर लंगोट वाळताहेत, आणि टीव्हीत एक बाई कंदील घेऊन जिना उतरतेय. सासूबाई कुजबुजतात, "जाऊ नको बाई, जाऊ नको." ती जाते.

पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही ठाण्याला आलो. बाळकुमला नवीन इमारती उभ्या राहत होत्या, त्यातल्या एकीत सहाव्या मजल्यावर घर घेतलं. मला ठाण्यातल्याच एका शाळेत काम मिळालं, पुन्हा सकाळचंच. सासूबाई तोवर रिटायर झालेल्या. आता माजिवड्याला मॉल होता, गार हवेचं थिएटर होतं, शालीचा दुहेरी उपयोग व्हायला लागला. उकडलेल्या शेंगा मात्र आत नेऊ देईनात. सासूबाईंनी दारावरच्या मुलीशी हुज्जत घातली आणि हरल्या. मग आम्ही बाहेरच्या पायरीवर बसून शेंगा संपवल्या आणि आत गेलो.

तिथेच आम्ही तो पिक्चर पाहिला.

त्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तरी कोणाला आठवणार नाही, चार दिवस चालला. एक मध्यमवयीन बाई डोंगरावरच्या बंद पडलेल्या शाळेची राखण करायला येते. शाळेत वसतिगृह आहे, लांबच लांब व्हरांडा आहे आणि टोकाला एक कुलूपबंद खोली. बाईकडे किल्ल्यांचा जुडगा आहे. रोज ती काम झालं, की एक किल्ली लावून बघते. लागत नाही. दोन तास हेच. गाणं नाही, मांत्रिक नाही, कुत्रा नाही. शेवटी एक किल्ली लागते, दार उघडतं आणि खोली रिकामी असते. कॅमेरा त्या रिकाम्या खोलीकडे बघत राहतो. मिनिटभर तरी. मग बाई दार ओढून घेते. संपलं.

थिएटरमध्ये शिट्ट्या झाल्या. कोणीतरी पडद्यावर पॉपकॉर्नचा डबा फेकला. मागून एकजण ओरडला, "अरे भूत सुट्टीवर गेलं काय?" आणि मी तशीच खुर्चीत बसलेली. असलं काही मी आधी पाहिलं नव्हतं. ती रिकामी खोली माझ्या अंगावर आली.

बाहेर आल्यावर मी बोलत सुटले. रिक्षात, लिफ्टमध्ये, चहा टाकताना. किती धाडस आहे, कसं काहीच दाखवलं नाही, कसं आपलं आपल्यालाच घाबरायला लावलं. सासूबाई गप्प होत्या. मला वाटलं, कंटाळल्या असतील. मी चिडवायला म्हणाले, "तुम्हाला तिथे रबराचं भूत हवं होतं ना?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"तुला रिकाम्या खोलीचं कौतुक वाटतं," त्या म्हणाल्या, "कारण तू बघितलेली नाहीस. हे गेले त्याच्या चौदाव्या दिवशी पाहुणे परत गेले. मुलाला शाळेत सोडून मी घरी आले, कुलूप काढलं, दार उघडलं. मी पण अशीच उभी होते. मिनिटभर नाही, चांगली तासभर. कोणी नव्हतं. त्यात बघण्यासारखं काही नसतं."

मी "सॉरी आई" म्हणाले, इंग्रजीतच. त्या म्हणाल्या, "तुझी काही चूक नाही." आणि भाजी निवडायला घेतली.

त्यानंतर महिना-दीड महिना आम्ही पिक्चरला गेलो नाही. नंतर गेलो, पुन्हा भांडायला लागलो, पण त्या एका पिक्चरचं नाव काढायचं नाही असं न बोलता ठरून गेलं. मी तो मनातल्या मनात माझा सगळ्यात आवडता पिक्चर म्हणून जपून ठेवला. इंटरनेटवर भुताच्या पिक्चरवाल्यांचा एक ग्रुप आहे, तिथे मी त्याच्यावर एकदा लांबलचक लिहिलं. निम्म्या लोकांनी मला वेड्यात काढलं. दोघा-तिघांनी लिहिलं, "आपण भाऊ-बहीण आहोत." असे वाद त्या ग्रुपवर रोज चालतात, आणि तिथली माणसं माझ्या मुलीच्या वयाची आहेत.

मग सासूबाईंची नजर जायला लागली. काचबिंदू. आधी त्यांना बाजूचं दिसेना. जेवताना डावीकडची चटणी राहून जायची, दाराच्या चौकटी खांद्याला लागायच्या. वयामुळे होतं असं समजून आम्ही दुर्लक्ष केलं, त्याचा सल मला अजून आहे. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं टिकवायचं. ते पण टिकलं नाही. दोन वर्षांत त्यांना फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळायचं.

रडल्या नाहीत. घरात सगळीकडे हात लावत हिंडायला शिकल्या. पण टीव्ही लावला, की उठून आत जायच्या. मी पण भुताचे पिक्चर बघणं सोडलं. त्यांना दिसत नसताना आपण बाहेरच्या खोलीत बसून बघायचं, हे मला जमेना.

एके दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर त्याच म्हणाल्या, "काय गं, हल्ली काही नवीन येत नाही का?"

"येतात की."

"मग लाव. मला ऐकू येतं अजून."

मी लावला. वीस मिनिटांनी त्या वैतागल्या. "नुसतं ऐकून काही कळत नाही. पाच मिनिटं झाली कोणी बोलतच नाहीये. काय चाललंय?"

"बाई चालतेय."

"कुठे चालतेय? कशी चालतेय? सांग ना नीट!"

अशी मी सांगायला शिकले. सुरुवातीला फार वाईट सांगायचे, क्रिकेटच्या कॉमेंटरीसारखं. त्यांनी मला तयार केलं. "आधी सांगू नको. 'आता येईल बघा' म्हणालीस, की मजा गेली. आणि मागूनही नको. त्याच्याबरोबर सांग." "खोली आहे म्हणतेस, उजेड कुठून येतो?" "ती रडतेय ते मला ऐकू येतंय. तोंड कुठे आहे ते सांग." दुपारी दीड ते चार आमचा शो असायचा. मी त्यांच्या डाव्या हाताला, त्यांचा हात माझ्या मनगटावर. घसा बसायचा माझा. शाळेत शिपाई विचारायचा, "मॅडम, गाता काय घरी?"

हळूहळू मला त्याची चटक लागली आणि मी लबाडी करायला लागले. पिक्चर टुकार असायचे. पांढऱ्या कपड्यातली, पावडर फासलेली मुलगी यायची आणि मी सांगायचे, "कपाटाच्या मागून एक हात येतोय आई. बोटं फार लांब आहेत. ती भिंत चाचपतेय, तिलाही दिसत नाहीये." सासूबाई शहारायच्या. मला माझंच कौतुक वाटायचं. मी न दाखवण्याच्या बाजूची, आणि रोज दुपारी मीच दाखवत होते.

एकदा मुलगी कॉलेजातून लवकर आली आणि आमच्यात येऊन बसली. पाच मिनिटं तिने ऐकलं आणि फिसकन हसली. "आई, काय पण सांगतेस! आजी, असलं काहीच नाहीये त्यात. एक मुलगी नुसती उभी आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माहिती आहे मला," सासूबाई म्हणाल्या. "लांब बोटं चाचपत असती, तर आवाज आला नसता का? तू गप्प बस. तुझी आई सांगतेय ते बरं आहे."

त्या माझी लबाडी किती दिवसांपासून ओळखून होत्या, कोण जाणे. मी विचारलं नाही.

त्याच्यानंतरच्या हिवाळ्यात, एका मंगळवारी, मी रिमोट हातात घेऊन काय लावू ते शोधत होते. त्या एकदम म्हणाल्या, "तो तुझा रिकाम्या खोलीचा मिळतो का आता?"

माझा हात थांबला. "नको आई तो."

"लाव. त्यातलं मला काहीच आठवत नाही. मी त्या दिवशी नीट बघितलाच नव्हता."

तो मिळाला. लोकांनी नाकारलेले पिक्चरही आता कुठे ना कुठे पडून असतात. मी लावला आणि एकही गोष्ट पदरची न घालता सांगत गेले. बाई व्हरांडा झाडतेय. किल्ली लावतेय. लागली नाही. बाहेर धुकं आहे. चूल पेटवतेय. किल्ली लावतेय. सासूबाई काही बोलत नव्हत्या. मनगटावरची पकडही सैल होती. मला वाटायला लागलं, आपण हे का करतोय, बंद करावं. पण आपण होऊन बंद करायची हिंमत झाली नाही.

शेवटची किल्ली लागली. दार उघडलं.

"काय आहे?" त्यांनी विचारलं.

"लोखंडी खाट आहे. गादी नाही. खिडकी आहे, गज आहेत. भिंतीला एक खिळा आहे. फरशीवर उन्हाचा पट्टा. बाकी काही नाही आई. रिकामी आहे."

त्यांनी हात वर केला. "थांब. बोलू नको."

बाईने दार ओढून घेतलं, नावं सुरू झाली.

"मागे घे. दार उघडल्यापासून. आणि आवाज वाढव."

मी मागे घेतलं. त्यांनी मान तिरकी केली, डोळे मिटले. खरं तर मिटायची गरज नव्हती. मग पुन्हा मागे घ्यायला लावलं. तिसऱ्यांदाही. घरात फ्रिजचा आवाज येत होता, तो मला जाऊन बंद करायला लावला.

"रिकामी नाहीये," त्या म्हणाल्या.

"रिकामीच आहे आई. मी बघतेय ना."

"तू बघतेयस. हे बघ, लाइन रिकामी असली, की तिचा एक आवाज असतो. पोकळ. आणि पलीकडे कोणी रिसिव्हर धरून गप्प बसलेलं असलं, की दुसरा असतो. पुष्कळ लोक असे गप्प बसायचे. वाईट बातमी द्यायची असते आणि तोंडून शब्द फुटत नाही. आम्हाला कळायचं, कोणीतरी आहे. नवीन मुली 'हॅलो, हॅलो' करून कट करायच्या. मी नाही करायचे. तीस वर्षं हे दोन आवाज ऐकलेत मी. इथे कोणीतरी आहे. श्वास आहे."

मी स्पीकरला कान लावला. आधी काही नाही. मग काहीतरी होतं, अगदी तळाशी, आत-बाहेर होणारं. की माझ्याच कानातलं रक्त होतं ते?

"आला ऐकू?"

"हो," मी म्हणाले. मी खरं बोलले की खोटं, ते मला आजही सांगता येणार नाही.

त्या बराच वेळ टीव्हीकडे तोंड करून बसून राहिल्या. चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही. रडू नव्हतं. लांबचा कॉल लागायची वाट बघताना माणसं बसतात ना, तशा बसलेल्या.

"मग नाही दाखवलं तरी चालेल," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "चहा टाक."

पुढचं वर्षभर आम्ही पिक्चर बघत राहिलो. पुन्हा भांडत राहिलो, मांत्रिकावरून, गाण्यांवरून. मग एका मे महिन्यात त्यांना न्यूमोनिया झाला. आठ दिवस हॉस्पिटलमध्ये होत्या. शेजारच्या कॉटवरच्या बाईंकडे दिवसभर मालिका चालायच्या, त्यावर त्यांचा राग. "यापेक्षा भूत परवडलं," असं मला म्हणाल्या. आमचं शेवटचं धड बोलणं एवढंच. नवव्या दिवशी पहाटे गेल्या.

आता जे लिहिते आहे, ते मी घरात कोणाला सांगितलेलं नाही. दिवसकार्य झालं, मुलगी पुण्याला नोकरीवर परत गेली, नवरा कामाला जायला लागला. माझ्या दुपारी मोकळ्या झाल्या. मी शाळेतून यायचे, जेवायचे आणि त्यांच्या खोलीत जाऊन कॉटच्या कडेवर बसायचे. मी वाट बघायचे. मला भूत हवं होतं. एवढे पिक्चर पाहिल्यावर मला ठाऊक होतं, सुरुवात कशी होते. पडदा हलतो, कप जागचा सरकतो, गार झुळूक येते. मी सगळ्या खुणा ओळखल्या असत्या. बाहेर बांधकामाचा ठोक ठोक आवाज यायचा, खाली मुलं खेळायची. मी कान देऊन बसायचे, आत-बाहेर काही होतंय का ते ऐकायचे. रबराचं आलं असतं तरी चाललं असतं. सहा-सात महिने मी रोज बसले. काही आलं नाही. मग नवऱ्याने एका रविवारी ती खोली झाडून तिथे इस्त्रीचं टेबल ठेवलं.

वर्षभर मी एकही पिक्चर पाहिला नाही. नंतर बघायला लागले, तर एक विचित्र गोष्ट झाली. मेलेली आई परत येते, मेलेला नवरा परत येतो, आणि घरातली माणसं किंचाळत पळतात, असं दाखवतात. मला ते आता पटतच नाही. पळतात कसे? मी खुर्चीत बसून मनात म्हणते, अगं थांब, बस, त्यांना पाणी दे. ग्रुपवर हे लिहिलं तर एकाने उत्तर दिलं, "ताई, मग तुम्ही हॉरर कशाला बघता?" प्रश्न बरोबर आहे.

श्वासाबद्दलही लिहिलं तिथे. तीन दिवस हाणामारी चालली. काहींना ऐकू येतो, काहींना नाही, एकाने कसलातरी आलेख काढून सिद्ध केलं, की तो पंख्याचा आवाज आहे. दुसऱ्याने तेवढ्याच जोरात सिद्ध केलं, की नाही. कोणी ऐकून सांगितलं हे त्यांनी विचारलं, तेव्हा "आमच्या घरातल्या एक टेलिफोन ऑपरेटर" एवढंच मी लिहिलं.

गेल्या महिन्यात एक नवीन लागला. समुद्राकाठच्या एका गावातला, मुकी मुलगी आणि तिची आजी. ग्रुपवर दोन तट पडलेले. मी माजिवड्याला एकटीच गेले, तीनचा शो, कडेची खुर्ची. थिएटरमध्ये दहा-बारा माणसं होती. त्यात भूत दाखवतात, पण फक्त मुलीला दिसतं तेवढंच. गाणं आहे, पण ते भूतच म्हणतं. मला तो अतिशय आवडला की अजिबात आवडला नाही, ते मला ठरवता येईना.

बाहेर आले आणि सरकत्या जिन्याजवळच्या बाकावर बसले. जुन्या सगळ्या पिक्चरांवर सासूबाई काय म्हणाल्या, ते मला पाठ आहे. त्यांच्या आवाजात मी ते वाद दोन्ही बाजूंनी एकटी लढवू शकते, कधीकधी लढवतेही, भांडी घासताना. पण या नवीन पिक्चरवर त्या काय म्हणाल्या असत्या? भूत आलं म्हणून खूश झाल्या असत्या, की गाणं म्हणणाऱ्या भुताला नावं ठेवली असती? मी खूप डोकं चालवलं. मला खरंच कळेना. इतकी वर्षं शेजारी बसूनही मला त्यांचं पुढचं वाक्य येत नव्हतं.

नवऱ्याचा फोन आला. "सुटला का? कसा होता?"

"अजून माहीत नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"घरी येऊन सांगते."

"भात लावलाय मी," तो म्हणाला. "ये सावकाश."